फीत कापण्याआधी इमारत चालवून घ्या

एका गावच्या आरोग्य उपकेंद्राच्या मोजमाप पुस्तिकेत शेवटच्या पानावर ‘काम पूर्ण’ असं लिहून खाली सही केली ती माझी. मार्चमध्ये फीत कापली, पेढे वाटले. जूनच्या शेवटी, पहिला जोराचा पाऊस होऊन गेल्यावर, सिस्टरबाईंनी प्रसूतीची अवजारं उकळायला स्टरलायझर लावला आणि झाकणाला हात लागताच त्या मागच्या भिंतीवर फेकल्या गेल्या. जीव वाचला. दुसऱ्या दिवशी मी कुदळ घेऊन गेलो. इमारतीच्या मागे अर्थिंगच्या, म्हणजे गळकी वीज जमिनीत उतरवणाऱ्या, खड्ड्याचं सिमेंटचं झाकण जागच्या जागी होतं, वर विजेची खूणही रंगवलेली होती. झाकण उचललं तर खाली नुसती काळी माती. प्लेट नाही, कोळसा नाही, मीठ नाही. बोर्डातून आलेली हिरवी तार जोत्यापर्यंत येऊन वीतभर मातीत खुपसलेली. बिल करताना मी झाकण मोजलं होतं.

यवतमाळ जिल्ह्यात मी ३१ वर्षं आधी कनिष्ठ आणि मग शाखा अभियंता म्हणून काम केलं. हे घडलं तेव्हा नोकरीची ११ वर्षं उरली होती. त्या ११ वर्षांत एकही इमारत मी चालवून बघितल्याशिवाय ताब्यात दिली नाही, आणि निवृत्तीनंतरही आजूबाजूची गावं बोलावतात तेव्हा तेच करतो. सरपंच, मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समितीचे पालक यांच्या हातात किल्ल्या ठेवल्या जातात, पण किल्ली घेण्याआधी काय बघायचं ते त्यांना कोणी सांगत नाही. म्हणून हे लिहितो आहे.

मोठ्या शहरी इमारतींत या रीतीला कमिशनिंग म्हणतात. शब्द जहाजांकडून आला. जहाज बांधून झालं की समुद्रात नेऊन चालवतात, मगच सेवेत घेतात. अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेनं १९८९ साली इमारतींतल्या हवेच्या यंत्रणांसाठी याची मार्गदर्शिका काढली, आणि पुढे ही रीत सबंध इमारतीला लागू झाली. आपल्याकडे वीज केंद्रात हा रोजचा शब्द आहे. माझा मेहुणा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात होता. ५०० मेगावॅटचा संच नुसता उभा राहिला म्हणून तिथे कोणी त्याला पूर्ण म्हणत नाही. एकेक पंप फिरवायचा, बॉयलरला पाण्याचा दाब द्यायचा, ग्रिडला जोडून भार चढवत न्यायचा, तेव्हा तो कार्यान्वित.

शेतकऱ्याला यात नवं काही नाही. बैलजोडी घेताना आपण दात बघतो, पण दात बघून पैसे मोजत नाही. वखराला जुंपून दोन तासं मारून बघतो. विहिरीवर मोटर बसवली की पाणी पाटात पडल्यावरच मेकॅनिकला पैसे देतो. इमारत मात्र रंग बघून घेतो.

खोदाईच्या आधी एक कागद

चालवून बघायचं तर इमारतीनं काय करून दाखवायचं हे आधी ठरलेलं हवं. अंदाजपत्रकात विटा, सिमेंट, लोहा किती ते असतं. इमारतीनं काय करावं ते त्यात नसतं. ते तुम्हीच एका कागदावर लिहा, आणि लिहिण्याआधी ज्यांना तिथे रोज राबायचं आहे त्यांना विचारा. साहेबांना, सदस्यांना नंतर विचारलं तरी चालेल.

दुसऱ्या एका उपकेंद्राच्या वेळी मी आशाताई, सिस्टरबाई आणि झाडझूड करणाऱ्या मावशींना झाडाखाली बसवलं. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता, म्हणून चुन्यानं जमिनीवर खोल्या आखल्या. मावशी आखलेल्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “पेशंट बाजेवर आनतात साहेब. बाज वयली पाह्यजे.” व्हरांड्यातून आत शिरताना बाज वळत नव्हती. दार दीड फूट सरकवलं, चुना पुसून पुन्हा आखला. खर्च शून्य. भिंती उठल्यावर हेच काम करायला हजारो रुपये लागले असते, आणि ते कोणी दिलेही नसते.

त्या कागदावर शेवटी असं उतरलं: बाज व्हरांड्यातून प्रसूतीच्या खोलीत वळवून नेता आली पाहिजे. रात्री वीज गेली तर प्रसूतीच्या खोलीत ४ तास उजेड. बोअरची मोटर बंद पडली तरी एक दिवसाचं पाणी वरच्या टाकीत. पावसात जोत्याभोवती पाणी थांबायला नको. मे महिन्यात दुपारी ३ वाजता लसीच्या फ्रिजवर पश्चिमेचं ऊन यायला नको. शाळेचा कागद वेगळा निघेल. तिथे शिजवणाऱ्या ताईंना विचारा, चुलीचा धूर कोणत्या वर्गात जातो ते त्यांनाच ठाऊक असतं.

प्रत्येक ओळ अशी लिहा की ती मोजता किंवा करून बघता येईल. ‘चांगल्या दर्जाची वीजव्यवस्था’ ही ओळ तपासता येत नाही; ‘४ तास उजेड’ घड्याळ लावून तपासता येतो. हा कागद ग्रामसभेत वाचून इतिवृत्ताला जोडा, एक प्रत अभियंत्याला द्या आणि अंदाजपत्रकात यातलं काय बसतं, काय नाही हे काम सुरू होण्याआधी त्याच्याकडून लिहून घ्या.

झाकलं जाणारं काम झाकण्याआधी

इमारतीतला बराचसा दोष अशा ठिकाणी राहतो जे नंतर दिसत नाही. तिथे चाचणी एकच, उघडं असताना बघणं.

पहिली जागा पायव्याची. आपली काळी माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एप्रिलमध्ये वावरात काठी जाईल एवढी भेग पडते, तीच ओढ भिंतीखालीही असते. म्हणून खोदाई काळी माती संपून पक्का मुरूम लागेपर्यंत हवी. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे खाली फुगीर केलेले खांब, किंवा अभियंत्यानं दिलेला दुसरा उपाय हवा. ‘पाच फूट लिहिलंय, पाच फूट खोदलं’ हे उत्तर घेऊ नका. खड्ड्यात उतरा, पहारेनं टोचा, टेप उभा धरून फोटो काढा. फोटोत टेपचे आकडे आणि मागे ओळखू येईल असं झाड किंवा घर दिसलं पाहिजे. जोत्याची भरणी त्याच काळ्या मातीनं करत असतील तर तिथेच थांबवा. ती फुगली की फरशी उचलते.

स्लॅब ओतण्याच्या आदल्या दिवशी लोह्याखाली कव्हरचे ठोकळे आहेत का ते बघा. नसतील तर सळाख सेंट्रिंगवर टेकते, आणि काही वर्षांनी छताचे पोपडे पडून गंजलेली सळाख बाहेर येते. ओतण्याच्या दिवशी क्यूब, म्हणजे ताकद तपासायला त्याच काँक्रीटचे ठोकळे, भरून घ्या. १५ सेंटिमीटरचा साचा, एका नमुन्याचे ३ क्यूब. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, ६ ते १५ घनमीटर काँक्रीटला २ नमुने लागतात, म्हणजे अंगणवाडीएवढ्या कामाला ६ क्यूब. काँक्रीट ओलं असतानाच त्यावर खिळ्यानं गावाचं नाव आणि तारीख कोरा, आणि समितीच्या एका माणसानं त्यावर सही कोरावी. ही कोरीव सही मी फार महत्त्वाची मानतो. प्रयोगशाळेत २८ दिवसांनी फुटणारा क्यूब तुमच्याच स्लॅबचा आहे याची तेवढीच खात्री असते.

तराईचं तर सांगायलाच हवं. उष्ण, कोरड्या हवेत किमान १० दिवस काँक्रीट सतत ओलं ठेवायचं आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर १४ दिवस, असं तेच आयएस ४५६ म्हणतं. आपल्याकडे गावात येणारं बहुतेक सिमेंट राखमिश्रितच असतं. पोत्यावर ‘पीपीसी’ लिहिलेलं बघा. मे महिन्यात सकाळी एकदा पाइपनं शिंपडलेलं पाणी दुपारी १ वाजेपर्यंत टिकत नाही, त्यामुळे मातीचे आळे करून पाणी भरून ठेवावं लागतं. आणि पाणी कोणतं तेही बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यानं काँक्रीट कालवलं की त्यातला क्षार सळाख खातो. लोह्याच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. एक बाटली प्रयोगशाळेत द्या, एवढंच काम आहे.

शोषखड्डे, भिंतीतले पाइप, वायरचे पाइप आणि अर्थिंगचा खड्डा यांचेही टेपसकट फोटो हवेत. अर्थिंगचा फोटो प्लेट आणि तार जोडलेली दिसत असताना काढा. झाकणाचा नको.

चाचणीचे दिवस

अंतिम बिलाच्या आधी हे करायचं. ठेकेदाराला १५ दिवस आधी तारीख कळवा आणि काय काय बघणार त्याची यादी द्या. त्याला पकडायचं नाही, त्यानं दुरुस्त करून ठेवावं एवढाच हेतू आहे. यादी मिळाल्यावर बरेच जण आदल्या आठवड्यात आपणच सगळं तपासून घेतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

सुरुवात छतापासून. पावसाळी पाइपांची तोंडं पोत्याचा बोळा आणि चिखल लावून बंद करा आणि छतावर पाणी भरा. सगळ्यात उंच भागावर ४ सेंटिमीटर आलं की पुरे. उताराच्या टोकाला ते १० सेंटिमीटरपर्यंत जाईल, त्याहून जास्त नको. १० सेंटिमीटर पाणी म्हणजे दर चौरस मीटरला १०० किलो वजन. जिना असलेल्या गच्चीचं डिझाइन साधारण १५० किलो धरून असतं, पण ज्या छतावर जायला जिनाच नाही त्याला ७५ धरतात; तिथे खोल टोकाला ५-६ सेंटिमीटरवर थांबा. पाणी ४८ तास ठेवायचं. कठड्याच्या आतल्या बाजूला खडूनं पातळीची रेघ मारा. उन्हाळ्यात पाणी नुसतं उडूनही दिवसाला सेंटिमीटरभर उतरतं, आणि मग ‘मुरलं की उडालं’ यावरून वाद होतो. म्हणून शेजारी एक घमेलं भरून ठेवा, त्यातही रेघ मारा. घमेल्यापेक्षा छताचं पाणी जास्त उतरलं तर ते कुठेतरी आत जातं आहे.

एकदा अशा वेळी ठेकेदार वैतागून म्हणाला, “साहेब, रंग झाला, लाइट लागले, आता हे पानी कायले भरून राह्यले?” दुसऱ्या दिवशी सकाळी पंख्याच्या हुकाच्या डबीतून थेंब पडत होता. तो स्वतःच शिडीवर चढला, आणि दुरुस्त करून परत पाणी भरायला त्यानंच माणसं लावली. खालून बघताना पंख्याच्या डब्या, वायरचे पाइप जिथे स्लॅबमधून जातात त्या जागा आणि कठडा-स्लॅबचा सांधा आधी बघा. ओल दिसली की तिच्या कडेनं पेन्सिलीनं रेघ मारून वेळ लिहा.

४८ तासांनी सगळे बोळे एकदम काढा. आता दुसरी चाचणी सुरू होते, आणि ती बहुतेक जण सोडून देतात. अर्ध्या तासानं छतावर डबकी राहिली का? आणि खाली आलेलं पाणी गेलं कुठे? आपल्याकडे पाइप भिंतीलगत सोडतात, पाणी पायव्याशी मुरतं, काळी माती एका बाजूनं फुगते आणि भिंत कोपऱ्यातून तडकते. पाणी भिंतीपासून दूर वाहून नालीत पडताना डोळ्यांनी बघा. नसेल तर उतार आणि नाली करून घ्या. बाकी काही जमलं नाही तरी एवढं कराच, कारण काळ्या मातीतल्या इमारतीचं आयुष्य या नालीवर आहे.

पाण्याची टाकी संध्याकाळी भरा, सगळ्या तोट्या बंद करा, पातळीची खूण करा आणि सकाळी बघा. उतरली असेल तर गळती आहे. मग सगळ्यात दूरच्या तोटीखाली १५ लिटरची बादली लावून किती सेकंदात भरते ते लिहा. संडासाचं भांडं दीड-दोन लिटर पाण्यात साफ व्हायला हवं. ओल्या मातीचा गोळा टाकून पाणी ओतून बघा. त्यानंतर बाहेर वाय-आकाराच्या चेंबरचं झाकण उघडा. दोन शोषखड्ड्यांपैकी एकाकडे जाणारी वाट बंद असली पाहिजे आणि दुसऱ्या खड्ड्यात पाणी पडताना दिसलं पाहिजे. एका शाळेत दहा बादल्या ओतूनही खड्डा कोरडाच होता. पाइप खड्ड्याच्या दोन हात अलीकडे मातीत संपला होता. काळ्या मातीत खड्ड्याभोवती ३० सेंटिमीटर रेतीचा थर लागतो. तो आता दिसणार नाही, त्याचा फोटो आधीच काढलेला हवा.

विजेचं काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच तपासून घ्या, पण स्वतः शेजारी उभे राहा आणि आकडे लिहून घ्या. ५०० व्होल्टच्या मेगरनं वायरिंगचं इन्सुलेशन किमान १ मेगओहम यायला हवं. अर्थ टेस्टरनं अर्थिंगचा रोध मोजायचा. तो ५ ओहमच्या आत असावा, असा आमचा दंडक होता. हे मोजमाप पावसाळ्यात घेतलं तर चांगलं येतंच, कारण माती ओली असते. उन्हाळ्यात काळी माती आकसून प्लेटपासून सुटते, तेव्हाचा आकडा खरा. प्रत्येक प्लगमध्ये अर्थ पोचली आहे का ते एकेक करून बघा, ‘दोन बघितले, बाकी तसेच’ चालणार नाही. गावात ज्याला ईएलसीबी म्हणतात तो ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवला आहे का? त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबलं की वीज तत्क्षणी गेली पाहिजे. गेली नाही तर तो डबा भिंतीवर शोभेला आहे.

संध्याकाळी ७ नंतर, गावात सगळ्यांचे दिवे आणि पंखे लागल्यावर, इमारतीतलं सगळं एकदम चालू करा: पंखे, दिवे, फ्रिज, मोटर. व्होल्ट किती उतरतात, मोटर उचलते का, एखादी वायर किंवा स्विच गरम होतो का ते बघा. त्यानंतर मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टरवर ४ तास उजेड असं कागदावर लिहिलं असेल तर ४ तास तिथेच बसा. त्या दुसऱ्या उपकेंद्रात आम्ही बसलो तेव्हा पावणेदोन तासांत दिवा विझला. बॅटरी कागदावर होती त्यापेक्षा लहान होती. रात्री पावणेदहाला, काळोखात, हे ठेकेदारालाही पटवून द्यावं लागलं नाही. आठवड्यात बॅटरी बदलली.

आणि हो, बाज आणा. चार माणसांनी उचलून ती प्रसूतीच्या खोलीत नेऊन ठेवा. आमची वळली, आणि मावशी टाळ्या वाजवत होत्या.

दारं-खिडक्या, कड्या, फरशीचा उतार हे त्याच दिवशी उरकतं. फरशीवर तांब्याभर पाणी ओता, दिशा कळते.

वहीत काय लिहायचं

‘ठीक आहे’ हा शब्द वहीत येऊ देऊ नका. तारीख, वेळ, काय केलं, काय आकडा आला, कोण हजर होतं, आणि चुकलं असेल ते कोण किती दिवसांत दुरुस्त करणार. दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करायची. सगळ्यांच्या सह्या, ठेकेदाराचीही. या पानाची प्रत अंतिम बिलाला जोडण्याचा लेखी आग्रह ग्रामपंचायतीनं पंचायत समितीकडे धरावा. इमारतीतच एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये नकाशा, पाइप आणि वायर कुठून गेल्या त्याचे फोटो, मोटर-इन्व्हर्टरची बिलं ठेवा. शिपाई, मावशी, सिस्टरबाई यांना एकदा स्वतःच्या हातानं सगळं बंद-चालू करायला लावा. शोषखड्डा भरल्यावर चेंबरमधली वाट कशी बदलायची तेही करून दाखवा, कारण तो दिवस काही वर्षांनी येतो आणि तोवर दाखवणारा गावात राहिलेला नसतो.

इमारत मार्चमध्ये तपासली तर तिनं पाऊस पाहिलेला नसतो, आणि सप्टेंबरमध्ये तपासली तर ऊन पाहिलेलं नसतं. म्हणून दोन फेऱ्या ताब्यानंतरच्या. पहिली जोराच्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, दुसरी मे महिन्यात दुपारी. करारात दोष दायित्वाचा कालावधी किती महिन्यांचा ते वाचून संपण्याची तारीख कार्यालयाच्या भिंतीवर लिहा. सुरक्षा ठेव तोवर अडकलेली असते आणि दुरुस्ती हक्कानं मागता येते. भिंतीला तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण करून तारीख लिहा. केसासारख्या, जाळीदार रेषा बहुधा छपाईच्या, म्हणजे प्लास्टरच्या, असतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, विटांच्या पायऱ्यांसारखा चढत जाणारा आणि पुढच्या महिन्यात खुणेच्या पलीकडे गेलेला तडा मात्र पायव्याचा समजा आणि अभियंत्याला लगेच लेखी कळवा. त्यावर छपाई करून घेऊ नका, पुरावा झाकला जातो.

घरकुल बांधणाऱ्यांसाठीही यातलं बरंच लागू आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या किमान २५ चौरस मीटरच्या घराचे हप्ते टप्प्यांच्या फोटोवर सुटतात. फोटोत जोतं दिसतं, छत दिसतं. छत गळतं का आणि प्लगला अर्थ आहे का ते दिसत नाही. तेवढं तरी शेवटच्या हप्त्याआधी मिस्त्री आणि वायरमन हाताशी असतानाच बघून घ्या. छतावर पाणी एक दिवस उभं केलं तरी चालेल.

त्या पहिल्या उपकेंद्राचा अर्थिंगचा खड्डा आम्ही त्याच आठवड्यात नव्यानं खणला. प्लेट, कोळसा, मीठ, वरून पाणी घालायला पाइप, सगळं सिस्टरबाईंनी उभं राहून बघितलं. पुढच्या मे महिन्यात भर उन्हात मोजला तर रोध ३.८ ओहम आला. सिस्टरबाईंनी आरसीसीबीच्या डब्याच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला होता. दर महिन्याच्या १ तारखेला बटण दाबायचं, वीज गेली की तारीख टाकून सही करायची. निवृत्तीच्या आधी मी शेवटचा तिथे गेलो तेव्हा तिसरा कागद अर्धा भरला होता, आणि त्यावर सह्या नव्या सिस्टरबाईंच्या होत्या.